घोड्यावरून कधी उतरायचं, हे कोण ठरवणार?

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. लावणी आटोपली होती, बायकांना जरा उसंत होती, म्हणून सापगावात एका घराच्या ओटीवर आम्ही पंधरावीस जणी जमलो होतो. विषय होता रेशनकार्डाचा. पण ओटीवर कालपरवाचं वर्तमानपत्र पडलं होतं आणि त्यात पॅरिस ऑलिंपिकची बातमी होती. इजिप्तची तलवारबाज नादा हाफेझ सात महिन्यांची गरोदर असताना स्पर्धेत उतरली, पहिली लढत जिंकली, दुसरी हरली आणि मग तिने जगाला सांगितलं की मंचावर मी एकटी नव्हते. बारावीला शिकणाऱ्या एका मुलीने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. रेशनकार्ड बाजूला पडलं आणि ओटीवर भांडणच जुंपलं.

"हिला कळत नाही का? सातव्या महिन्यात तलवारी कसल्या खेळायच्या?" एक म्हणाली. "नवऱ्याने कशी पाठवली?" दुसरी म्हणाली. तिसरी म्हणाली, "डॉक्टरला विचारलं असेल की!" आमच्यातली एक उत्साही कार्यकर्ती म्हणाली, "हीच खरी आजची झाशीची राणी." तेवढ्यात दाराशी टेकून बसलेली कातकरी वाडीतली एक बाई, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "मी आठव्या महिन्यात भट्टीवर विटा वाहिल्या. तवा कोनी नाय इचारला, हिला कळत नाय का म्हणून."

ओटीवर एकदम शांतता झाली. त्या शांततेतून हा लेख निघाला आहे.

मैत्रिणींनो, गरोदर बाईने कधी थांबायचं हा प्रश्न आपण फार सोपा करून टाकलेला आहे. खेळाडू असेल तर "लगेच थांब", मजूर असेल तर "थांबून खाणार काय?" दोन्हीकडे उत्तर तयार आहे आणि दोन्हीकडे ते तिला न विचारता दिलेलं आहे. मी या लेखात घोडेस्वारीपासून सुरुवात करणार आहे. सापगावात कुणाच्या दारात शर्यतीचा घोडा बांधलेला नाही, हे मला माहीत आहे. तरीही घोडाच घेते, कारण गरोदर बाई आणि घोडा ही गोष्ट आपल्या तालुक्यात नवी नाही. चांगली चारशे वर्षं जुनी आहे.

माहुलीची गोष्ट

शहापूरकरांना माहुली सांगायला नको. आसनगावला उतरलं की सुळके समोर दिसतात. शहाजीराजांचा आणि माहुलीचा संबंध इतिहासात पक्का आहे. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात निजामशाही इथेच संपली. पण आपल्याकडे सांगितली जाते ती गोष्ट त्याच्या आधीची, बखरींतून आलेली. ती अशी: शहाजीराजे माहुलीहून निघाले. पाठीवर शत्रूची फौज, आणि तिचे सरदार खुद्द जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव. जिजाबाई सात महिन्यांच्या गरोदर. घोड्यावरची दौड त्यांना झेपेना. तेव्हा राजांनी त्यांना जुन्नरच्या बाजूला थोड्या स्वारांनिशी मागे ठेवलं आणि आपण पुढे निघून गेले. पुढे शिवनेरी, आणि १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजीमहाराजांचा जन्म.

या गोष्टीचा हिशेब जुळत नाही, हे शाळेतली मुलगीसुद्धा बोटं मोजून दाखवेल. लखुजी जाधवरावांचा खून देवगिरीवर १६२९ च्या जुलै महिन्यात झाला. फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलाची आई जुलैत फार तर दोन-अडीच महिन्यांची गरोदर असणार. ती सात महिन्यांची झाली तेव्हा तिच्या वडिलांना जाऊन महिने लोटले होते. तेव्हा गोष्टीतला पाठलाग जसाच्या तसा खरा मानता येत नाही. जिजाबाईंचं बाळंतपण शिवनेरीवर झालं, एवढं पक्कं.

पण गोष्ट खोटी असली तरी गोष्ट सांगण्याची पद्धत खरी असते. जरा आठवून पाहा, ही गोष्ट आपल्याला कशी सांगितली गेली? राजांनी "ठेवलं". राजे "पुढे निघाले". गडावर "सुरक्षित पोचवलं". घोड्यावर कोण बसलं होतं? ती. पोट कुणाचं होतं? तिचं. कळ कुणाला आली असेल? तिला. सगळ्या गोष्टीत जिजाबाईंच्या तोंडी एक वाक्य नाही. "मला आता जमत नाही, मी उतरते" असं त्या म्हणाल्या असतील, की "अजून चार कोस जाऊ शकते" असं म्हणाल्या असतील, याची कुणाला उत्सुकताही वाटलेली नाही. जिने पुढे पुण्याची जहागीर सांभाळली, न्यायनिवाडे केले, तिने स्वतःच्या घोड्यावरून कधी उतरायचं हे मात्र दुसऱ्याने ठरवलं, असं आपण सहज मानून चालतो.

आणि झाशीच्या राणीचा पुतळा? पाठीशी मूल बांधलेली, हातात तलवार, घोडा दोन पायांवर उभा. प्रत्येक शहराच्या चौकात तिला आपण हार घालतो. ते मूल दत्तक होतं, हे आपण विसरतो. देशासाठी, घराण्यासाठी, गादीसाठी बाई मुलासकट घोड्यावर बसली तर ती वीरांगना. स्वतःच्या खेळासाठी बसली तर बेजबाबदार. म्हणजे आक्षेप घोड्याला नाही, धोक्यालाही नाही. ती स्वतःसाठी काही करते, याला आहे.

धोका आहे का? आहे

इथे एक गोष्ट स्वच्छ बोलली पाहिजे. चळवळीतल्या आपण कधीकधी उत्साहाच्या भरात धोक्याची गोष्टच टाळतो. ते बरोबर नाही. बाईला निर्णय घ्यायचा असेल तर तिला खरी माहिती हवी, आणि खरी माहिती अशी आहे.

गरोदरपणात व्यायाम वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांप्रमाणे, ज्यांना वैद्यकीय अडचण नाही अशा गरोदर बायकांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे "दिवस गेले, आता पलंगावरून उतरू नकोस" हे शास्त्र नव्हे. पण घोडा ही वेगळी बाब आहे. तिथे भीती श्रमाची नसून पडण्याची असते. पहिले साधारण तीन महिने गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आड असतं. बारा आठवड्यांनंतर ते वर येऊ लागतं आणि हाडांचं कवच कमी होतं. त्यानंतर पोटावर जोराचा आघात झाला तर वार गर्भाशयापासून सुटण्याची भीती असते. त्यात मूल जातं आणि रक्तस्रावाने आईचाही जीव जाऊ शकतो. शिवाय पोट वाढतं तसा शरीराचा तोल बदलतो, सांधे सैल होतात. स्वार कितीही तरबेज असली तरी घोडा बुजायचा तेव्हा बुजतोच. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटना गरोदरपणात टाळायच्या खेळांच्या यादीत घोडेस्वारी घालतात. हा काही पुरुषी कट नाही.

आता दुसरी बाजू. घोडेस्वारी हा ऑलिंपिकमधला असा खेळ आहे जिथे बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात. पण बायकांना तिथे शिरायलाच १९५२ साल उजाडावं लागलं. त्याआधी ती लष्करी अधिकाऱ्यांची मक्तेदारी होती. त्याच १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेत डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक घेतलं. १९४४ साली, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला होता. मूल सुखरूप झालं, पण गुडघ्याखाली पायांत ताकद उरली नाही. तिला घोड्यावर चढवावं आणि उतरवावं लागे. ती पुन्हा बसली. कुणाच्या सांगण्यावरून? स्वतःच्या. आणि २००४ साली अथेन्सला नेदरलँडच्या आंकी व्हान ग्रुन्सव्हेनने पाच महिन्यांची गरोदर असताना सुवर्णपदक जिंकलं. तिचा प्रकार होता ड्रेसाज, म्हणजे शिकवलेल्या घोड्याकडून मोजूनमापून चाली करवून घेण्याचा. तिथे अडथळ्यांवरून उड्या नसतात. ओळखीचा घोडा, आखलेलं मैदान. शर्यतीचा घोडा आणि हा घोडा एकच नव्हे. महालक्ष्मीच्या मैदानावर सुसाट धावणाऱ्या घोड्यांच्या घोळक्यात असणं वेगळं आणि चौकोनात एकटीने चाली करणं वेगळं.

मग थांबायची तारीख कोणती? सहावा आठवडा? बारावा? विसावा? सगळ्या बायकांना लागू पडेल अशी एक तारीख नाही. ती कोणत्या प्रकारात उतरते, किती वर्षं बसते आहे, घोडा कोणता, आधी गर्भपात झालेत का, रक्त किती आहे, वार कुठे आहे, ओकाऱ्या-चक्कर किती, हे सगळं मिळून उत्तर बनतं. हे सगळं एकत्र कुणाला माहीत असतं? डॉक्टरला काही, प्रशिक्षकाला काही, घरच्यांना थोडं. सगळं मिळून फक्त तिलाच. एक ड्रेसाजवाली पाचव्या महिन्यापर्यंत खेळेल आणि एक उड्यांची खेळाडू दिवस राहिल्याचं कळल्याच्या दिवशी जीन उतरवून ठेवेल. पहिली धाडसी नव्हे आणि दुसरी भित्री नव्हे. दोघींनी आपापला हिशेब केला. आपण दोघींना टाळी द्यायची किंवा दोघींना शांत राहू द्यायचं.

"मग पोटातल्या बाळाचं काय?" हा प्रश्न आता येईलच. तो सभेत हमखास येतो आणि बहुधा असा विचारला जातो की जणू आईला बाळाची आठवण दुसऱ्यांनी करून द्यायची आहे. ज्या बाईने पोरासाठी नऊ महिने ओकाऱ्या काढल्या, तिच्याहून त्या पोराची काळजी शेजारणीला, संघटनेच्या सचिवाला नाहीतर बँकेच्या अधिकाऱ्याला जास्त असते काय? बाई म्हणजे मूल ठेवायचं गाडगं नव्हे. तिला खरी माहिती द्या, तिला थांबण्याची सोय द्या, आणि मग पाहा, बहुतेक बायका तुमच्या आधीच थांबलेल्या असतील.

काळजीच्या नावाखाली

"तिच्या काळजीपोटी" या शब्दांनी आपल्या देशात किती बायकांच्या नोकऱ्या गेल्या, याची यादी फार जुनी नाही. एअर इंडियाच्या हवाईसुंदरीला पहिलं मूल राहिलं की नोकरी संपत असे. नर्गिस मिर्झा आणि तिच्या सहकारी कोर्टात गेल्या तेव्हा १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. मातृत्वाची शिक्षा म्हणून नोकरी घेणं हा बाईचा अपमान आहे, असं न्यायालयाने ठरवलं. पण त्याच निकालात लग्नाबद्दलची अट मात्र राहू दिली, हेही विसरू नका. आयुर्विमा महामंडळ नोकरीच्या अर्जात बायकांना पाळीच्या तारखा आणि बाळंतपणं विचारत असे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढायला सांगितले. आपल्याला वाटलं, संपलं. मग स्टेट बँकेने नव्या सूचना काढल्या, की तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेली उमेदवार "तात्पुरती अपात्र", तिने बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत रुजू व्हावं. देशभर ओरड झाली आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस बँकेने त्या सूचना मागे घेतल्या. बँकेत घोडे नसतात. टेबल, खुर्ची आणि संगणक असतो. तिथे चौथ्या महिन्यातल्या बाईच्या पोटाला कसला धोका होता? धोका होता तो पगारी रजेचा.

खेळातही तेच आहे, फक्त भाषा गोड आहे. "तू आता आराम कर" म्हणतात आणि तिची जागा भरून टाकतात. सेरेना विल्यम्सने २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली तेव्हा ती सुमारे दोन महिन्यांची गरोदर होती. बाळंतपणानंतर ती परतली तेव्हा तिचं क्रमवारीतलं स्थान साडेचारशेच्याही खाली गेलं होतं आणि २०१८ च्या फ्रेंच स्पर्धेत तिला मानांकन मिळालं नाही. जगातल्या सर्वात नावाजलेल्या खेळाडूवर ही पाळी आली, तेव्हा कुठे महिला टेनिस संघटनेने त्या वर्षाच्या शेवटी नियम बदलले. आता बाळंतपणानंतर तीन वर्षांपर्यंत जुनं स्थान वापरता येतं. धावपटू ॲलिसन फेलिक्सने २०१९ साली उघडपणे सांगितलं की गरोदरपणानंतर बूट बनवणारी नाइके कंपनी तिला ७० टक्के कमी पैसे देऊ करत होती. बोंब झाल्यावर कंपनीने धोरण बदललं. आपल्याकडे द्रोणवल्ली हरिका २०२२ च्या चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये नऊ महिन्यांची गरोदर असताना खेळली आणि भारतीय महिला संघाला कांस्यपदक मिळालं. तिच्यासाठी तिथे डॉक्टर, रुग्णवाहिका, सगळी सोय उभी होती. सोय केली की होतं. मुद्दा तोच आहे.

आता आपल्या तालुक्यातली कबड्डीची मुलगी घ्या. सरावाला जायला एसटी, बुटाला पैसे नाहीत, आणि लग्न झालं की खेळ संपला हे ठरलेलंच. तिला गरोदरपणात कधी थांबायचं हा प्रश्न पडतच नाही, कारण तिला लग्नाच्या मांडवातच थांबवलेलं असतं. बाळंतपणानंतर पुन्हा मैदानात उतरलेली बाई शहापूर-मुरबाडात तुम्ही किती पाहिल्यात? मी स्वतः शाळेत खो-खो खेळत असे. माझं मूल दोन वर्षांचं झाल्यावर गावच्या स्पर्धेत नाव द्यायला गेले तर नाव लिहिणारा हसला आणि म्हणाला, "वहिनी, आता संगीतखुर्ची." मी संगीतखुर्ची खेळले. पहिली आले. अजून राग येतो.

जिला थांबताच येत नाही

आता दाराशी बसलेल्या त्या बाईकडे येते. कारण तिच्याशिवाय हा लेख शहरातल्या चार खेळाडूंचा होऊन बसेल.

दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या वाड्या रिकाम्या होतात. भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर बिऱ्हाडं जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. काम मोजतात हजार विटांवर, आणि मोजतात जोडीचं. नवरा-बायको मिळून एक. मालकाच्या वहीत नाव नवऱ्याचं. माती कालवणं, गाळा पाडणं, डोक्यावर विटा वाहणं यात तिचा अर्धा वाटा, पण कागदावर ती नाही. ती थांबली तर जोडी मोडते, उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. तिला कोण विचारणार, कितव्या महिन्यात थांबतेस? बीडच्या ऊसतोड बायकांची हीच गोष्ट आहे. तिथे जोडीला कोयता म्हणतात आणि खाडा झाला की दंड. पाळीचा आणि दुखण्याचा खाडा नको म्हणून तरुण बायकांनी पिशव्या काढून टाकल्या, हे २०१९ साली महाराष्ट्राने ऐकलं, हळहळला आणि पुन्हा साखर खाऊ लागला.

आणि घरी राहिली तरी काय? तानसा धरण १८९२ चं. त्यानंतर मोडकसागर, भातसा. मुंबईच्या नळाला येणारं पाणी आपल्या तालुक्यातून जातं आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. नववा महिना लागला म्हणून हंडा हलका होत नाही. कळा लागल्यावर रस्ता नाही म्हणून झोळीतून नेलेल्या बायकांच्या बातम्या दर पावसाळ्यात छापून येतात. तपासणीला जायचं तर मोटारसायकलवर मागे बसून, खड्ड्याखड्ड्यांतून. आमच्या बायकांचा घोडा हाच. त्यावरून उतर म्हणणारा कुणी नाही, कारण उतरली तर दवाखाना लांब.

पोटावर आघात, तोल जाणं, पडणं. घोडेस्वाराच्या बाबतीत डॉक्टर ज्या भीती सांगतात, त्या ओल्या बांधावर डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या बाईला लागू नाहीत काय? मग तिच्याबद्दल वर्तमानपत्रात वाद का होत नाही? कारण तिच्या कष्टावर भट्टी चालते, घर चालतं, शहराची इमारत उभी राहते. तिने थांबणं कुणाला परवडत नाही. म्हणून तिच्या बाबतीत धोका दिसत नाही. जिच्या थांबण्याने कुणाचं नुकसान नाही तिला थांबवायचं, आणि जिच्या थांबण्याने धन्याचं नुकसान आहे तिला पळवायचं. याला काळजी म्हणत नाहीत.

कायदा काय म्हणतो

कायदा नाही असं नाही. मुंबई इलाख्यात १९२९ सालीच गिरणी-कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूती कायदा झाला. त्याच्या विधेयकाच्या बाजूने १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आला, २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

या कायद्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे, आणि त्याही आधीचा एक महिना, या काळात गरोदर बाईला जड काम, फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. पण केव्हा? तिने तशी विनंती केली तर. म्हणजे कधी थांबायचं हे तिच्या शब्दावर सोपवलं पाहिजे, हे तत्त्व १९६१ पासून कायद्यात लिहिलेलं आहे! आपल्याला नवं काही शोधायचं नाही. मोडतं कुठे, तर विनंती करायला आधी वहीत नाव लागतं, आणि विनंती केल्यावर मजुरी बुडणार नाही याची हमी लागते. लाभासाठी आदल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं. जिचं नावच नाही ती ८० दिवस कुठून दाखवणार? २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांना हा हक्क दिला. हजेरीपटावर त्यांची नावं होती म्हणून दिला. भट्टीवरच्या बाईसाठी उरते प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांत, आधार आणि बँकखातं जुळलं तर. ५,००० रुपयांत किती महिने थांबता येतं, हे मंत्रालयात बसून कुणी मांडून दाखवावं.

आपल्या रूढीत यावर एक उपाय होता, तोही सांगते. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि पहिलटकरणीला माहेरी पाठवायचं. ही एक प्रकारची रजाच होती. सासरच्या कामातून सुटका, आईच्या हातचं जेवण. पण ती फक्त पहिल्या खेपेला, फक्त ज्यांच्या माहेरी भात शिल्लक असेल त्यांना, आणि तारीख पंचांगाची. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेला ती पुन्हा हंड्याखाली. डोहाळे पुरवायची एवढी हौस असलेल्या समाजाला बाईच्या विश्रांतीचे डोहाळे मात्र कधी कळले नाहीत.

आपली मागणी काय असावी

काहीजणी म्हणतील, घोड्यावरची खेळाडू आणि भट्टीवरची मजूर यांची सांगड कशाला? एकीकडे हौस आहे, दुसरीकडे पोट. फरक आहेच, तो पुसायचा नाही. खेळाडूला थांबवलं जातं आणि मजुराला थांबू दिलं जात नाही. पण दोघींचा निर्णय काढून घेणारा हात एकच आहे. एकीसाठी लढताना दुसरीला विसरलो तर आपली चळवळ अर्धीच राहील. झाशीच्या राणीची आठवण काढणाऱ्या आमच्या कार्यकर्तीलाही हेच सांगायचं आहे. सातव्या महिन्यात राबणाऱ्या बाईचे पोवाडे गाऊ नका. उद्या तेच पोवाडे मालक गाईल आणि म्हणेल, "आमच्या आदिवासी बायका काटक असतात, त्यांना काही होत नाही." हे वाक्य मी भट्टीवर ऐकलेलं आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असू देत. भट्टीवर, उसाच्या फडात, बांधकामावर जोडी मोजणं बंद करा, बाईचं नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहा. गरोदर मजूर बाईला शेवटच्या तीन महिन्यांची किमान वेतनाइतकी भरपाई मिळू द्या, आणि ती तिने थांबायचं म्हटल्या दिवसापासून, हप्त्यांचे खेळ न करता. स्थलांतर केलेल्या बाईला अंगणवाडीचा आहार आणि तपासणी भट्टीच्या ठिकाणी मिळाली पाहिजे. खेळाच्या संघटनांनी गरोदर खेळाडूची जागा, शिष्यवृत्ती आणि क्रमवारी बाळंतपणानंतर राखून ठेवावी. जिला परतायचं भय नाही ती वेळेवर थांबेल, लपवून खेळणार नाही. आणि डॉक्टर-परिचारिकांनी ओरडण्याऐवजी माहिती द्यावी. रक्त गेलं, अंगावरून पाणी गेलं, पोट कडक होऊन दुखू लागलं, चक्कर आली, मुलाची हालचाल मंदावली, पडझड झाली, तर घोडा असो की हंडा, जागीच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक पाड्यावरच्या बाईला तोंडपाठ असलं पाहिजे. धमकी म्हणून नव्हे, हक्काची माहिती म्हणून.

शेवटी त्या ओटीवरच्या बैठकीत काय झालं ते सांगते. मी त्या बाईला विचारलं, "आठव्या महिन्यात तुला थांबावंसं वाटत होतं का?" तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सातव्यातच वाटत होता. पन वाटून काय करायचा?" बारावीची ती मुलगी हातात पेपर धरून ऐकत होती. पुढच्या बैठकीला तिने एक वही आणली आणि पाड्यावरच्या गरोदर बायकांची नावं लिहायला लागली. नाव, कितवा महिना, काय काम, आणि शेवटच्या रकान्यात, "कधी थांबायचं आहे?" सतरा नावं झाली आहेत. सतराजणींपैकी अकराजणींनी सांगितलं की हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

तुमच्या गावात अशी वही करा. रकाना भरला की तो घेऊन तहसीलदारांकडे जाऊ.